मालनवहिनींचं विरजण

करंजओढ्याची वीज रोज दुपारी चारला रुसायची. ऊन लख्ख असायचं, छपराछपरावर सोलरच्या प्लेटा तापलेल्या असायच्या, घरोघरच्या बॅटऱ्या भरत आलेल्या असायच्या, आणि तरीही पंखे हळूहळू थांबायचे. डाळिंबाच्या शीतगृहाची घरघर बंद पडायची. दवाखान्यातला लशींचा फ्रिज मुका व्हायचा. मग ऊन जरा कललं की कुणी हात न लावता सगळं आपसूक सुरू. असून अडचण नि नसून खोळंबा, अशी त्या विजेची तऱ्हा होती.

गावातल्या म्हाताऱ्यांना यात वावगं काही वाटत नव्हतं. दिवसभर राबल्यावर सूर्यालाही डुलकी लागणारच, त्याची कुणी तक्रार करतं का? पण दवाखान्यातल्या नर्सबाईंना लशी फेकून द्याव्या लागल्या, तेव्हा त्यांनी तक्रार केली. ती तालुक्याच्या सौर संस्थेत पोचली आणि कुंभोजकर साहेबांनी सुवर्णाला बोलावून घेतलं. इन्व्हर्टर आणि लिथियमच्या बॅटऱ्या यांची दुखणी शोधण्यात तिचा हात धरणारं संस्थेत कुणी नव्हतं.

"हे तुमच्याच बाजूचं गाव ना?" साहेबांनी विचारलं.

"माहेर आहे."

"मग उत्तमच. मुक्कामाची काळजी नाही."

सुवर्णाने मीटरची पेटी उचलली. माहेरी जायला बायका निमित्तं शोधतात. हिने लग्न झाल्यापासून न जायची निमित्तं शोधली होती.

करंजओढा हे गलाईवाल्यांचं गाव. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची ही कला घेऊन इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेले. कुणी लखनौला, कुणी जबलपूरला, कुणी थेट केरळात. घरं गावात, माणसं गावोगाव. सुवर्णाच्या वडिलांचं, अण्णांचं, दुकान त्रिशूरला होतं. सुटीत ती तिकडे जायची, आणि दुकानाच्या शेजारच्या बिजूशी तिचं जमलं ते कायमचं जमलं. तिने ते घरी सांगितलं त्या दिवशी अण्णा म्हणाले, "आजपासून तू आम्हाला नाहीस." अण्णांच्या रागाचं तिला नवल नव्हतं; ते रागावायचेच. पण आई स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला हात लावून उभी होती, आणि आई एक शब्द बोलली नाही. सुवर्णा बॅग घेऊन बाहेर पडली तरी नाही. तो न बोललेला शब्द इतकी वर्षं तिच्या मनात सलत राहिला होता. पुढे अण्णा गेले. बातमी परक्याच्या तोंडून, तेराव्यानंतर कळली. त्यानंतर दोघींपैकी कुणीही फोन करू शकली असती. पण लेक आईच्याच वळणावर गेली होती, त्यामुळे कुणीच केला नाही.

चैत्रातली सकाळ होती. संस्थेची गाडी माळावरून चालली होती तेव्हा समोरची हवा उन्हाने हलत होती आणि लांबचं गाव त्या हवेत तरंगल्यासारखं दिसत होतं. छपरांवरच्या निळ्या प्लेटांमुळे आधी तिला वाटलं, गावात तळं झालंय. मग हसू आलं. करंजओढ्यात तळं झालं असतं तर लोक गलाईला कशाला गेले असते!

तिने पहिली तपासणी मुद्दामच गावाच्या वरच्या अंगाला, रंजनाकाकूंच्या घरी धरली. आईचं घर खालच्या अंगाला, ओढ्याजवळ होतं. टोपी कपाळापर्यंत ओढलेली, तोंडाला उन्हाचा रुमाल. आपल्याला कुणी ओळखणार नाही, असं तिला वाटत होतं.

रंजनाकाकू पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून कोपऱ्यातली बॅटरी दाखवली. "ही बघा. दिवसभर शाणी असती. चारला अंगात येतं हिच्या."

सुवर्णाने रीतसर सगळं पाहिलं. छपरावर चढून प्लेटा पाहिल्या. धूळ होती, दोष नव्हता. वायरींचे जोड घट्ट होते. इन्व्हर्टर ठणठणीत. बॅटरीचं झाकण उघडलं तेव्हा मात्र तिने भुवया उंचावल्या. सेल गरम होते, आणि त्यातला एक तळलेल्या पापडासारखा फुगायला लागला होता. लिथियमच्या सेलला उपाशी राहणं सोसत नाही तसं भर उन्हाळ्यात काठोकाठ भरून ताटकळत बसणंही सोसत नाही. ही बॅटरी रोज दुपारी पोटभर वीज घेऊन कशाची तरी वाट बघत बसत होती, आणि ते तिच्या अंगावर येत होतं.

इथे थोडं थांबून या बॅटऱ्यांबद्दल सांगायला हवं. पूर्वीच्या बॅटऱ्या नुसत्या टाक्या होत्या. भरा आणि वापरा. मग त्यांच्यात सवय धरणारी यंत्रणा आली. घरात वाटण मिक्सरवर कधी जातं, पोरं अभ्यासाला कधी बसतात, पाहुणे कोणत्या सणाला येतात, हे बॅटरी हळूहळू शिकते आणि त्या बेताने वीज राखते. तिच्या शिकण्याला एकच भीती असते, ऐनवेळी कमी पडण्याची. वीज उरली तर ती मनाला लावून घेत नाही. कमी पडली तर जन्मभर विसरत नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसला तिचा स्वभाव. आणि एखाद्या वेळेला वीज राखून कधीच कमी पडली नाही, तर तिला वाटतं, आपण राखली म्हणूनच भागलं. मग ती आणखी निष्ठेने राखते.

पण नव्या बॅटरीला घर कळायला वर्ष जायचं. सगळे सण, सगळे ऋतू एकदा पाहून व्हावे लागायचे. यावर संशोधकांनी तोड काढली ती अशी, की मुरलेल्या बॅटरीची सवय नखाएवढ्या चिपवर उतरवून घ्यायची आणि नव्या बॅटरीत सोडायची. आठवड्याभरात नवी बॅटरी जुनीसारखी वागायला लागते. संशोधकांनी या प्रकाराला लांबलचक नाव दिलं होतं. बायकांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, म्हणजे विरजणच की! झालं, तेच नाव रूढ झालं. करंजओढ्यात तर मुलीच्या रुखवतात लाडू-करंज्यांच्या ओळीत एका कोयरीत हळदकुंकवाशेजारी ती चिप ठेवायची पद्धत पडली. संस्थेने निर्दोष, शुद्ध विरजण फुकट देऊ केलं होतं, पण ते कुणी घेतलं नाही. दुकानातलं विरजण आणून का कुणी दही लावतं?

"काकू, तुमचं विरजण कुणाचं?" सुवर्णाने विचारलं.

"आता कुणाचं असणार? मालनवहिनींचं. सगळ्या गावात त्यांचंच हाय. तुम्हाला सांगते, त्यांची बॅटरी कवा कमी पडली न्हाई. वळवाचं आभाळ भरून यायचं, समद्यांच्या घरात अंधार, आणि त्यांच्या घरात दिवा. मग म्हणलं, विरजण घ्यावं तर असल्या घरचं घ्यावं."

सुवर्णाच्या हातातला मीटर तसाच राहिला. मालन हे तिच्या आईचं नाव.

चार वाजायला आले तेव्हा ती गावच्या जाळ्यापाशी, म्हणजे सगळ्या घरांच्या वीजवाहिन्या जिथे एकत्र येतात त्या चौकीत, जाऊन उभी राहिली. घराघरांनी एकमेकांना वीज द्यावी-घ्यावी म्हणून हे जाळं टाकलेलं. एरवी गुण्यागोविंदाने चालायचं. पण घड्याळाचा काटा चारवर येताच तिच्या समोरचे सगळे दिवे एकदम केशरी झाले. एकूण एक घराने वीज देणं थांबवलं, आणि उलट जाळ्यातूनच ओढायला सुरुवात केली. सगळ्या गावाने एका नळावर एकाच वेळी हंडे लावावेत तसं झालं. दाब कोसळला, आणि जाळ्याने जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतलं. गाव गप्प झालं. कुठेतरी एक कोंबडी तेवढी बोलत होती.

दोष सापडला होता. एका घरची खोड विरजणातून गावभर गेली होती. पण ती खोड त्या घराला तरी कुठून लागली? चारला आईच्या घरात असं काय चालायचं?

ती रंजनाकाकूंकडे परत आली. काकूंनी चहा आणून ठेवला आणि शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. वर न बघताच म्हणाल्या, "आता तरी टोपी काढ की, सुवर्णा. ऊन भाईर ऱ्हायलं."

सुवर्णाने टोपी काढली. रुमालही काढला. "कधी ओळखलंत?"

"गाडीतनं उतरलीस तवाच. चालतीस डिट्टो अण्णांसारखी. म्हणलं, हिला लपायची हौस हाय तर लपू दे."

सुवर्णाने चहाचा कप उचलला. मग सुवर्णाने विचारलं, "काकू, आई दुपारी चारला काय करायची?"

"काय करणार? बटण दाबायची." काकूंनी एक शेंग फोडली. "ते असतंय न्हवं, राखून ठेव म्हणून?"

ते बटण सुवर्णाला चांगलंच ठाऊक होतं. लग्नकार्य असलं, पाहुणे यायचे असले की दाबायचं. बॅटरी त्यांच्यासाठी वेगळी वीज काढून ठेवते. वर्षातून चार-दोन वेळा लोक ते वापरत.

"ते त्या रोज दाबायच्या," काकू म्हणाल्या. "चारच्या एसटीच्या वक्ताला. मी एकदा इचारलं, वहिनी, कोण यायचंय? तर म्हणल्या, यायची असली तर चारच्याच गाडीनं येईल. दमून आलेली असंल. पंखा लागंल, आंघोळीला ऊन पाणी लागंल. ऐनवक्ताला न्हाई म्हणायला नगं."

सुवर्णाने कप खाली ठेवला. "अण्णा असताना?"

"असतानाच. अण्णा गावाकडं आले की त्याच पडवीत बसायचे. बघायचे सगळं. कशाला दाबतीस, असं एकदाबी म्हणले न्हाईत. मग ती एसटी बंद झाली. आता काय, बोलवावी तवा गाडी येती. पण वहिनींचं बटण काय थांबलं न्हाई."

सुवर्णाला आधी राग आला. भयंकर राग आला. बॅटरीला सांगता आलं, मला नाही सांगता आलं? एवढी राखून ठेवायची होती, तर एक फोन का केला नाहीस? ती उठून पडवीच्या टोकाला गेली. तिथून गावाची छपरं उतरणीला लागलेली दिसत होती, एकाखाली एक, शेवटी ओढ्यापाशी करंजाच्या झाडात अर्धवट लपलेलं आईचं छप्पर. बॅटऱ्यांवरचे केशरी दिवे अजून विझले नव्हते. प्रत्येक पडवीत एकेक. या सगळ्या घरांनी आज दुपारी आपापले पंखे थांबवून तिच्या आंघोळीपुरती वीज राखली होती. कालही राखली होती. ती पुण्यात होती, सांगलीत होती, बिजूशी भांडत होती, हसत होती, लेकीच्या वेण्या घालत होती, तेव्हा इथे रोज एक सबंध गाव तिच्यासाठी पाणी तापवायच्या तयारीत थांबत होतं. एवढ्या पाण्यात ती बुडून गेली असती. तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली.

काकू शेंगा फोडत राहिल्या. रडणाऱ्या बाईला मध्येच थांबवू नये, एवढं त्यांना कळत होतं.

दिवेलागणीला तिने कुंभोजकर साहेबांना फोन लावला. साहेब खूश झाले. "सापडला ना दोष? मग पुसून टाका. सगळ्या बॅटऱ्या कोऱ्या करा आणि आपलं शुद्ध विरजण घाला. चौकीतूनच होतं. एका दुपारचं काम!"

एका दुपारचं काम होतं, हे खरं होतं. चौकीत एक आज्ञा दिली की झालं. फ्रिज चालू राहिला असता, सेल फुगायचे थांबले असते. आणि आईने इतकी वर्षं रोज म्हटलेलं जे काही होतं, ते गावातून नाहीसं झालं असतं. अगदी आईच्या घरातूनसुद्धा.

तिने फोन तसाच धरून काकूंना सांगितलं, की साहेब पुसायला सांगतायत. काकूंनी शेंगा फोडायच्या थांबवल्या.

"पुस की. मला काय त्याचं! पण एक सांग, माझा म्हादू जबलपूरला असतोय. तो येतोय तवा सकाळच्याला येतोय. मग माझी बॅटरी चारला कुणाची वाट बघत बसती?"

सुवर्णा काकूंकडे बघतच राहिली. मग फोनमध्ये म्हणाली, "साहेब, वाट बघण्यात काही बिघाड नाही. सगळे एकाच वेळेला बघतात, म्हणून जाळं पडतं. घराघराची वेळ वेगळी करून दिली, आणि काठोकाठ न भरता थोडंसंच राखायला सांगितलं, तर जाळ्यालाही झेपेल आणि सेलही टिकतील."

"अहो, पण कुठल्या घराची कुठली वेळ, हे ठरवणार कोण?"

"विचारीन ना. घरोघरी जाऊन."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "उद्या चारपर्यंत. उद्या जर फ्रिज बंद पडला, तर तिथल्या तिथे सगळं पुसायचं. लशींशी खेळ नको."

रात्र काकूंकडेच काढून दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ती निघाली. प्रश्न दोनच ठरवले होते: तुमच्या घरातलं कोण बाहेर आहे, आणि ते आलं तर कधी येतं? प्रश्न सोपे होते, पण करंजओढ्यात ते याआधी कुणी कुणाला विचारले नसावेत. बायका दारात थबकायच्या, पदर सारखा करायच्या, आणि मग बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. एकीचा नवरा लखनौला होता. तो येई तो दिवे लागल्यावरच, कारण त्याला म्हणे उजेडात गावात शिरायची लाज वाटे. एकीचा भाऊ पहाटे यायचा आणि आधी विहिरीवर जायचा. एका आजोबांनी फार विचार करून सांगितलं, "माझं बाहेर कोण न्हाई. फक्त कवळी हाय. मिरजेला टाकलीया दुरुस्तीला."

"ती कधी येणार?"

"मंगळवारी सांजच्याला."

सुवर्णाने हातातल्या यंत्रात आजोबांच्या घरापुढे सांजवेळ लिहिली. वेळा अशा गावभर विखुरत चालल्या होत्या.

खालच्या आळीत एक तरणी बाई दार अडवून उभी राहिली. "आमच्यातलं पुसून टाका, मॅडम. आमचे हे आले की नुसती भांडणं. न्हाई आले तरी चालंल." सुवर्णाने पुसायला हात नेला, तशी ती म्हणाली, "थांबा जरा. दिवाळीपुरतं असू द्या."

आणि एका घरात एकटी राहणारी म्हातारी होती. तिचं बाहेर कुणीच नव्हतं. आतही कुणी नव्हतं. "पर ठेव बाई थोडं," ती म्हणाली. "वाटसरू असतोय, कुत्रं-मांजर असतंय. कुणी येऊच नये असं कसं म्हणायचं?" तिच्यासाठी सुवर्णाने दुपारची जेवणाची वेळ धरली.

ऊन चढत गेलं. माळावरचा वारा पडला. गल्ल्यांतून हिंडताना सुवर्णाला वाटायला लागलं, की आपण जागेपणी चालत नाही आहोत. दारं उघडतायत, कुणी पाणी देतंय, कुणी नाव घेतंय, आणि ज्यांची नावं घेतली जातायत ती सगळी माणसं, लखनौची, जबलपूरची, कोचीची, या उन्हात तिच्या मागून हलक्या पावलांनी चालत येतायत. वळून पाहिलं की गल्ली रिकामी असायची. बाहेर गेलेल्यांमध्ये आपणही आहोत, हे तिला मधूनच आठवायचं.

करंजओढ्यात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हा ती आल्याची बातमी मालनवहिनींपर्यंत पोचली नसेल, असं मानायला काही जागा नव्हती. पण त्या वर आल्या नाहीत. आणि सुवर्णाही खाली गेली नाही. शेवटच्या घराला जायचं म्हटलं की तिला मध्ये दुसरंच एखादं घर आठवे.

अखेर सगळी घरं संपली. एकच राहिलं. तोवर चार वाजायला आले होते, म्हणून ती चौकीत गेली. नर्सबाई तिथे आधीच येऊन उभ्या होत्या, हातात हात घट्ट धरून. काटा चारवर आला. गावात एकच दिवा केशरी झाला, ओढ्याकाठचा. बाकी सगळे हिरवे राहिले. त्या एका घराला हवी होती तेवढी वीज जाळ्याने सहज दिली आणि कुठे काही हललं नाही. शीतगृहाची घरघर चालू होती. नर्सबाई पळत दवाखान्यात जाऊन पळत परत आल्या आणि त्यांनी सुवर्णाला मिठीच मारली.

फोनवर कुंभोजकर साहेब म्हणाले, "वा! एक घर राहिलं म्हणता ना? राहू दे. एका घराने जाळ्याला काही होत नाही. तुम्ही निघा आता, अंधार पडायच्या आत पोचाल."

गाडी चौकीच्या दारातच उभी होती. आता कुणाचं काही अडत नव्हतं. लशींना धोका नव्हता, संस्थेचं काम झालं होतं, आणि आईचं घर रोज चारला एकटंच खुशाल वाट बघत राहू शकलं असतं. त्याने कुणालाही त्रास नव्हता. सुवर्णाने गाडीचं दार उघडलं. सीटवर टोपी ठेवली. मग तिला कळलं, की आईकडे जाण्यासाठी आता एकही कारण लागत नाही आणि न जाण्यासाठी एकही उरलेलं नाही. ती दार उघडंच टाकून उतरणीला लागली.

अंगणात जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. आई काठी घेऊन कावळ्यांवर लक्ष ठेवत बसली होती. केस पार पांढरे झाले होते. पाठ मात्र तशीच ताठ. सुवर्णा अंगणाच्या कडेला उभी राहिली. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा दिवसभर जे बोलत आली तेच तिच्या तोंडून आलं.

"संस्थेतून आलेय. घरोघरी विचारतेय."

"ऐकलंय," आई म्हणाली. काठी खाली ठेवली नाही. "इचार की."

"घरातलं कोण बाहेर आहे?"

आईने एक कुरडई उचलली, उलटी केली, पुन्हा जागेवर ठेवली. दुसरी उचलली.

"एक लेक होती," आई म्हणाली.

"कधी येणार?"

आईने वर पाहिलं. सुवर्णाच्या पायांकडे, धुळीने भरलेल्या बुटांकडे, मग चेहऱ्याकडे. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"लिही तुझ्या यंत्रात," ती म्हणाली. "माझं आता भाईर कोण न्हाई. आन् ते राखलेलं समदं सोड. पंखा लाव, पाणी तापव. किती दमलीयास बघ."

"आई, मला उद्या जायचंय गं." सुवर्णाला रडू आवरत नव्हतं. "सगळं सोडलं तर रात्रीला काही उरणार नाही. थोडं तरी ठेवू दे."

"उद्याचं ऊन उद्या येतंय," आई म्हणाली आणि तिने लेकीचा हात धरला. "आज काय शिल्लक ठेवायचं न्हाई."